वाळूंत रुतलेलें चाक

श्रोतेहो, महाभारतांतील कर्णपर्वाची कथा आपणांपैकीं बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक आहे. ऐन युद्धाच्या वेळीं कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें. कर्ण रथाखालीं उतरला, दोन्ही हातांनीं त्यानें तें चाक उपसण्याचा यत्न केला, आणि तेवढ्या अवकाशांत त्याचा अंत झाला. पुराणिकबुवा ह्या ठिकाणीं शाप, दैव आणि धर्म ह्यांचें विवेचन करितात, आणि तें योग्यच आहे. परंतु मी शाळेंत ही कथा सांगत असें तेव्हां एखादा शेतकऱ्याचा मुलगा हमखास विचारी, "गुरुजी, एकट्यानें चाक कसें निघेल? आधीं ओझें उतरवायला नको काय?" ह्या प्रश्नाचें मला नेहमीं कौतुक वाटे. काळ्या जमिनींत पाऊस पडला कीं गाडी कशी फसते, हें त्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलेलें असे. अडाणी गाडीवान बैलांना मारीत सुटतो, आणि चाक अधिकच खोल जातें. शहाणा गाडीवान आधीं पोतीं उतरवितो, चाकापुढची माती उकरून उतार करितो, खालीं फांद्या अगर दगड घालतो, आणि मग चारजण चाकाला भिडून बैलांना एकदम हांक देतात.

आजचें माझें भाषण ह्याच विषयावर आहे. मात्र गाडी बैलांची नसून मोटार आहे, चिखलाच्या जागीं वाळू आहे, आणि स्थळ आहे आफ्रिकेंतील लिबियाचें वाळवंट. वाळूंत रुतलेल्या मोटारी ढकलतां ढकलतां कांहीं माणसांनीं एक अगम्य मानलेला प्रदेश पार केला, आणि त्या खटाटोपांतून एक नवें शास्त्रही निर्माण झालें. तो इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें.

नाईल नदीच्या पश्चिमेस जें अफाट वाळवंट पसरलेलें आहे त्यास लिबियाचें वाळवंट म्हणतात. त्याचा मोठा भाग आज इजिप्त, लिबिया आणि सुदान ह्या देशांत विभागलेला आहे. त्याचा विस्तार आपल्या द्वीपकल्पाशीं तुलना करावी इतका मोठा आहे. पाऊस मात्र असा कीं कित्येक ठिकाणीं वर्षानुवर्षें एक थेंबही पडत नाहीं. ह्या वाळवंटांत सिवा नांवाचें एक मरूद्यान आहे. त्याच्या दक्षिणेस जो प्रदेश सुरू होतो त्याला भूगोलवेत्ते 'महान् वालुकासागर' म्हणतात. उत्तर-दक्षिण सुमारें ४०० मैल आणि पूर्व-पश्चिम सुमारें १९० मैल असा हा वाळूचा समुद्र आहे. वाऱ्यानें रचलेल्या टेकड्यांच्या लांबच लांब ओळी येथें एकमेकींस समांतर अशा बहुतेक उत्तर-दक्षिण गेलेल्या आहेत, आणि कित्येक ओळींची उंची तीनशें फुटांहून अधिक आहे. उत्तरेकडून दक्षिणेस जाणाराला दोन ओळींमधील दरीनें वाट काढतां येते. पूर्वेकडून पश्चिमेस जाणाराला मात्र एक ओळ ओलांडली कीं पुढें दुसरी उभीच असते.

१८७४ सालीं गेरहार्ड रोल्फ्स ह्या जर्मन प्रवाशानें दाखला मरूद्यानांतून उंटांचा मोठा तांडा घेऊन पश्चिमेस कुफ्र्याकडे जाण्याचा प्रयत्न केला. पिण्याचें पाणी त्यानें लोखंडी पेट्यांतून बरोबर घेतलें होतें. परंतु वाळूच्या ओळी संपेनात. अखेर पश्चिमेचा नाद सोडून तो उत्तरेस वळला आणि ओळींमधील दरीनें सिव्याला पोंचला. १९२३ सालीं अहमद हसनीन बे ह्या इजिप्शियन गृहस्थानें उंटांवरून सुमारें २२०० मैलांचा थोर प्रवास केला. पण त्यालाही विहिरींच्या धोरणानेंच वाट आंखावी लागली. उंट कितीही काटक असला तरी त्याला ठराविक दिवसांनीं पाणी पाजावें लागतें. दोन विहिरींमधील अंतर त्याच्या शक्तीबाहेर गेलें कीं प्रवास तेथें संपला.

मग मोटार आली. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या ह्या वाळवंटाच्या कडेनें पहारा करीत असत. पुढें इजिप्तचे राजपुत्र कमालुद्दीन हुसेन ह्यांनीं पट्ट्यांवर चालणाऱ्या सित्रोएन गाड्या नेऊन १९२६ सालीं दक्षिणेकडील एका प्रचंड पठारास गिल्फ कबीर असें नांव दिलें. तथापि ह्या गाड्या खडे-वाळूच्या घट्ट मैदानांवरूनच शक्य तों जात. वालुकासागराच्या टेकड्या चाकाच्या गाडीला सर्वस्वी दुर्लंघ्य आहेत, असा जाणत्या लोकांचाही ग्रह होता.

हा ग्रह ज्यानें दूर केला त्याचें नांव राल्फ आल्जर बॅग्नोल्ड. १८९६ सालीं इंग्लंडमध्यें जन्मलेला हा गृहस्थ पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या खंदकांत लढला होता. नंतर केंब्रिजला स्थापत्य व यंत्रविद्या शिकून सैन्याच्या संदेशखात्यांत अधिकारी झाला. १९२६ च्या सुमारास तो कैरोला होता. रजेच्या दिवसांत त्याचे इतर सोबती घोड्यांचे खेळ आणि मेजवान्या ह्यांत रमत. हा आणि ह्याचे चारदोन मित्र साध्या फोर्ड मोटारी घेऊन वाळवंटांत जात. खर्च मुख्यत्वें स्वतःच्या पगारांतला. त्यांच्या मागें ना सरकार होतें, ना एखादी धनाढ्य संस्था. पुढें १९२८ सालीं त्याची बदली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर झाली. तरीही १९२९ आणि १९३० सालीं तेथून रजा काढून तो पुनः ह्याच वाळवंटाकडे धांवला.

आतां मोटार वाळूंत रुतते म्हणजे नेमकें काय होतें तें पाहूं. मोटारीचा सगळा भार चार टायरांच्या तळहाताएवढ्या जागांवर पडतो. टायर घट्ट फुगलेला असेल तर ती जागा लहान, म्हणून प्रत्येक चौरस इंचावरील दाब मोठा. खालची वाळू तो दाब सोशीनाशी झाली कीं चाक आंत बसतें. येथवर फारसें बिघडलेलें नसतें. खरें संकट पुढें आहे. चाक बसलें हें कळतांच हांकणाऱ्याचा पाय स्वभावतःच वेग वाढविण्याच्या पट्टीवर पडतो. इंजिन गर्जना करितें, चाक जागच्या जागीं गरगर फिरतें, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर खालची वाळू मागें फेंकून आपल्याच हातानें आपला खड्डा खणतें. कांहीं पळांतच आंस वाळूवर टेकतो. मग सारा भार गाडीच्या पोटावर येतो, आणि चाकांना खालीं धरण्यासारखें कांहींच उरत नाहीं. जोर जितका अधिक, तितकी गाडी खोल, असा हा विचित्र न्याय आहे.

बॅग्नोल्ड आणि त्याचे मित्र अशा रीतीनें शेंकडों वेळां फसले. शंभर-शंभर मैलांत मनुष्य नाहीं, झाड नाहीं, विहीर नाहीं. वरून सूर्य, खालीं तापलेली वाळू, आणि पिंपांतलें पाणी मोजून दिलेलें. अशा ठिकाणीं गाडी कायमची रुतली तर तिच्याबरोबर माणसेंही गेलींच म्हणून समजावें. ज्या देशांत चिडण्याला शिक्षा मरणाची आहे, तेथें मनुष्य लवकर शांत होतो. त्यांनीं चिडणें सोडलें आणि प्रत्येक फसण्याचा अभ्यास आरंभिला.

पहिला उपाय टायरांतली हवा कमी करण्याचा. हवा कमी केली कीं टायर पसरतो, जमिनीला टेकणारी जागा वाढते, आणि दाब उतरतो. उंटाचा पाय पसरट व गादीसारखा असतो त्याचें मर्म हेंच. पुनः घट्ट जमीन लागली कीं हवा भरावयाची, नाहींतर टायर फाटावयाचा. म्हणजे पंप मारण्याचे कष्ट दिवसांतून अनेकदां आलेच.

दुसरा उपाय पोलादी पन्हळींचा. कैरोच्या एका जुन्या सामानाच्या दुकानांत बॅग्नोल्डला जाड पोलादाच्या लांब पन्हळी सांपडल्या. महायुद्धांत खंदकांतील भुयारांच्या छपरांसाठीं त्या बनविलेल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या भंगारांत आल्या. बॅग्नोल्डनें त्या विकत घेतल्या आणि गाडीच्या बाजूस टांगल्या. गाडी रुतली कीं क्रम ठरलेला असे. हांकणारानें ताबडतोब थांबावयाचें. सर्वांनीं उतरून फावड्यांनीं, फावडें न पोंचेल तेथें हातांनीं, चाकापुढची वाळू काढून उतार करावयाचा. मग मागल्या चाकांच्या पुढें त्या पन्हळी सारावयाच्या. हांकणारानें अगदीं सावकाश गाडी सुरू करावयाची आणि इतरांनीं मागून रेटावयाची. चाक पन्हळीवर चढलें कीं गाडीला वेग मिळे. तेवढ्या वेगावर तिनें थेट घट्ट जमिनीपर्यंत जावयाचें, मध्यें थांबावयाचें नाहीं. रेटणारे लोक मागें राहत. त्यांनीं त्या तापलेल्या जड पन्हळी उचलून गाडीमागें चालत जावयाचें. गाडी पुनः रुतली तर पुनः हेंच. श्रोतेहो, आपल्या गाडीवानाची जी रीत मीं आरंभीं सांगितली तिच्याहून ही रीत मुळांत वेगळी नाहीं. फांदीच्या जागीं पोलाद आलें, एवढेंच.

तिसरी गोष्ट पाण्याची. मऊ वाळूंत इंजिन फार तापतें, आणि त्याला गार ठेवणारें पाणी उकळून वाफेच्या रूपानें उडून जातें. जेथें माणसाला पाणी पुरत नाहीं तेथें यंत्राला तें कोठून द्यावें? ह्यासाठीं इंजिनाच्या पाण्याच्या टाकीस एक नळी जोडून तिचें दुसरें टोंक बाजूच्या डब्यांतील थोड्या पाण्यांत बुडविलेलें असे. वाफ त्या डब्यांत येऊन पाणी होई. डबाही उकळूं लागला कीं गाडी वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर उभी करावयाची. टाकी निवाली म्हणजे डब्यांतलें पाणी आपोआप परत आंत ओढलें जाई. थेंबही वायां जात नसे. शिवाय दिशा पाहण्यास लोखंडी गाडींत चुंबकाचें होकायंत्र भ्रमतें, म्हणून उन्हाच्या सांवलीवरून दिशा दाखविणारें सूर्य-होकायंत्र बॅग्नोल्डनें सुधारून घेतलें. ह्यांतील कांहीं युक्त्या महायुद्धांतील तुकड्यांनींही योजिल्या होत्या. त्यांना शिस्त आणि पूर्णता बॅग्नोल्डनें दिली.

एवढी सिद्धता करून ही मंडळी वालुकासागरापुढें उभी राहिली. समोर पिवळ्या वाळूची प्रचंड भिंत. बॅग्नोल्डनें गाडीचा वेग ताशीं चाळीस मैलांपर्यंत वाढविला आणि ती सरळ त्या भिंतीवर घातली. सर्वांची अपेक्षा अशी कीं पायथ्याशींच चाकें गडप होतील. घडलें उलटेंच. गाडी मागें कलली आणि हिसका न बसतां, पाळण्यांत बसल्यासारखी, वर वर जाऊं लागली. कांहीं क्षणांत ती माथ्याजवळ होती. जी वाळू अथांग वाटत होती तिनें दीड टनांचा भार बिनतक्रार उचलला होता! १९३० च्या स्वारींत ह्या मंडळींनीं फोर्ड मोटारींतून वालुकासागर ओलांडला आणि गिल्फ कबीर, उवैनात अशा मार्गानें तीं वाहनें नाईलच्या कांठीं वादी हल्फा येथें आणून उभीं केलीं.

दुसरा कोणी असता तर ह्या यशावर संतुष्ट झाला असता. बॅग्नोल्डच्या मनांत मात्र एक शंका राहिली. त्याच टेकडीच्या एका अंगावर मोटार तरंगते आणि दुसऱ्या अंगावर बुडते, हें कां? दोन्हीकडची वाळू तर दिसावयास सारखीच. १९३५ सालीं सैन्यांतून निवृत्त होऊन त्यानें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत वाऱ्याचा एक कृत्रिम बोगदा उभारला आणि त्यांत वाळूवर वारा सोडून कणांची गति मोजली. त्यास आढळलें कीं वाऱ्यानें वाळूचा कण धुळीप्रमाणें उडून जात नाहीं; तो उड्या मारीत जातो. उडी मारून खालीं आपटलेला कण दुसऱ्या कणांना उडवितो, आणि त्या माऱ्यानें वाऱ्याकडील अंगाची वाळू ठोकून बसविल्यासारखी घट्ट होते. टेकडीच्या माथ्यापलीकडे वारा लागत नाहीं; तेथें वाळू नुसती घसरून पडते आणि सुमारें तेहतीस-चौतीस अंशांच्या उतारावर सैल राहते. घट्ट अंग चढावयाचें. सैल अंगाची वाळू मऊ, आणि माथ्याची धार चाकूसारखी. ती धार न ओळखतां वेगानें ओलांडणारी गाडी उलटावयाची. जी गोष्ट प्रथम चाकानें सांगितली तिची उपपत्ति अशी कांहीं वर्षांनीं सांपडली. १९३८ सालीं आपले नियम पडताळण्यासाठीं तो पुनः वाळवंटांत गेला आणि वादळांत उभा राहून वाहत्या वाळूचें माप घेऊन आला. १९४१ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९४४ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास आपला सभासद करून घेतलें. वाळूच्या गतीविषयीं आजही ज्याला अभ्यास करावयाचा असतो त्याला ह्या ग्रंथापासून आरंभ करावा लागतो.

मध्यंतरीं दुसरें महायुद्ध पेटलें होतें. बॅग्नोल्डला पुनः सैन्यांत बोलावून केनियाकडे धाडण्यांत आलें. परंतु भूमध्य समुद्रांत त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठीं तें पोर्ट सैदला आलें. असा योगायोगानें तो पुनः इजिप्तमध्यें उतरला. जून १९४० मध्यें इटली युद्धांत पडली, आणि जनरल वेव्हेल ह्यांनीं बॅग्नोल्डला सहा आठवड्यांत एक खास दल उभारण्याची परवानगी दिली. तेंच पुढें 'लाँग रेंज डेझर्ट ग्रूप' म्हणून प्रसिद्धीस आलें. प्रथम त्यांत मुख्यतः न्यूझीलंडचे लोक होते, पुष्कळसे शेतकरी. त्यांना शेव्हरोले लॉऱ्या दिल्या, पन्हळी दिल्या, आणि पुढल्या चाकांखालीं घालावयास बांबूच्या कामट्या घातलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्या दिल्या. दिवसाकाठीं माणशीं सहा पिंट पाणी, म्हणजे सुमारें साडेतीन लिटर, एवढ्यावर ते महिना-महिना शत्रूच्या पाठीमागें हिंडत. इटालियन सेनानींना दक्षिणेकडून वालुकासागर ओलांडून कोणी येईल अशी कल्पनाच नव्हती. ह्या दलाला पुढें हिंदुस्थानी घोडदळाच्या पलटणींतून निवडलेलें 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन' हें पथकही जोडलेलें होतें. त्यांत जाट, रजपूत, शीख आणि मुसलमान अशा तुकड्या होत्या. आपल्या देशच्या जवानांनींही त्या परक्या वाळूंत पन्हळी ओढल्या, हें आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतें, म्हणून येथें मुद्दाम नमूद करितों.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें बोलली पाहिजे. कुतूहलानें मिळविलेली ही विद्या शेवटीं युद्धाच्या कामीं लागली. पूर्वीं ह्याच वाळवंटांत निरनिराळ्या देशांचे प्रवासी एका ताटांत जेवत आणि एकमेकांची रुतलेली गाडी ढकलीत. युद्ध येतांच त्यांतले कित्येक एकमेकांचे शत्रु झाले. विद्येला स्वतःची दिशा नसते. ती माणसाला द्यावी लागते. सुदैवानें ह्या विद्येचा इतिहास युद्धावर संपला नाहीं.

बॅग्नोल्ड १९९० सालीं वारला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं मनुष्यानें चाकाच्या गाड्या मंगळ ग्रहावर धाडल्या. आणि तेथेंही तोच प्रसंग आला. २००५ च्या एप्रिलमध्यें 'अपॉर्च्युनिटी' नांवाची अमेरिकन गाडी मंगळावरील वाळूच्या एका वरवंट्यांत रुतली. तेथें ढकलावयास कोण जाणार? अभियंत्यांनीं पृथ्वीवर तसल्याच मातीचें मिश्रण करून त्यांत तशीच गाडी रुतविली, ती कशी निघते तें पाहिलें, आणि मग तसे संदेश मंगळावर धाडले. पांच आठवड्यांहून अधिक काळ चाकें थोडथोडीं फिरवीत त्यांनीं ती गाडी जूनमध्यें बाहेर काढली. तिची जुळी बहीण 'स्पिरिट' मात्र २००९ सालीं वरचा कठीण पापुद्रा फुटून मऊ वाळूंत बसली ती निघालीच नाहीं. जानेवारी २०१० मध्यें तिला सोडविण्याचा प्रयत्न सोडून देण्यांत आला, आणि मार्चनंतर तिचा आवाज ऐकूं आला नाहीं. सर्वच चाकें निघत नाहींत, हेंही इतिहासानें सांगितलें पाहिजे. पण ह्याच गाडीचें एक चाक पूर्वीं बंद पडलेलें होतें, आणि तें फरफटत गेल्यानें जी चरी उमटली तींत २००७ सालीं जवळजवळ शुद्ध सिलिका उघडी पडली. पुरातन काळीं त्या जागीं उष्ण जल असावें ह्याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. बंद चाकानेंही शेवटीं कांहीं शिकविलें. पुढें मंगळावरील वाळूच्या एका टेकड्यांच्या रांगेला बॅग्नोल्डचें नांव देण्यांत आलें, आणि २०१५ च्या अखेरीस 'क्युरिऑसिटी' ही गाडी त्या टेकड्यांशीं पोंचली. टेकडीशीं जातांना तिच्या चालकांनीं काय केलें असेल? जें बॅग्नोल्डनें कैरोच्या पश्चिमेस केलें तेंच: आधीं जमीन पाहिली, मग चाक टाकलें.

श्रोतेहो, आयुष्यांत आपलीही गाडी केव्हां ना केव्हां फसते. कोणाची कर्जांत, कोणाची संसारांत, कोणाची एखाद्या हट्टांत. त्या वेळीं इंजिनाचा आवाज वाढविणें हें सर्वांत सोपें आणि सर्वांत घातक. त्यापेक्षां थांबावें, खालीं उतरावें, ओझें कमी करावें, चाकाखालची जमीन हातानें चांचपून पाहावी, आणि शेजाऱ्याला हांक मारावी. कर्णाला हें सर्व करावयास अवधि मिळाला नाहीं; म्हणून त्याची कथा ऐकतांना आपले डोळे भरून येतात. आपणांस बहुधा तो अवधि मिळतो. तो आपण चाक गरगर फिरविण्यांत घालवूं नये, एवढेंच मागणें मागून मी आपली रजा घेतों.